लांद्याचा वास

मरकागुड्यात ललिता समोरून येताना दिसली की बापे माणसं तोंड फिरवायची. कुणी उगाच खोकायचा, कुणी गमछा नाकावर ओढायचा, कुणी आपल्या बैलाशीच काहीतरी बोलू लागायचा. गावच्या दारूबंदी महिला समितीची ती अध्यक्ष होती, आणि तिचं नाक भामरागडपर्यंत प्रसिद्ध होतं. माणसानं आज घेतली की काल, मोहाची घेतली की नदीपलीकडून आलेली बाटलीतली, वर पेरूची पानं चघळली की कच्चा कांदा खाल्ला, हे ती जाता जाता सांगायची. सांगताना तिच्या चेहऱ्यावर ना राग दिसायचा ना समाधान. एखाद्यानं हवामान सांगावं तसं सांगायची आणि पुढं जायची.

"सकाळीच, नानाजी?" एवढंच म्हणायची. नानाजी म्हणजे गावचा पेरमा, देवाचं करणारा पुजारी. तोही मान खाली घालायचा.

लोकांना वाटायचं, समितीत आल्यावर बाईचं नाक तिखट झालं. तसं नव्हतं. ते नाक तिला सासूनं दिलं होतं, आणि दिलं होतं दारूसाठीच. म्हणजे, सासू त्याला दारू म्हणायची नाही. सोमारीबाईसाठी तो लांदा होता.

ललिता लग्न होऊन आली तेव्हा सोमारीचा लांदा साऱ्या पट्ट्यात नावाजलेला होता. लग्न ठरलं की वरपक्षाची माणसं आधी सोमारीकडं यायची, मग वधूकडं, असं लोक हसत सांगायचे. तांदळात कोसरीचं बारीक भरडधान्य मिसळून ती पीठ करायची आणि मडक्यावर टोपली ठेवून वाफेवर शिजवायची. मक्याचे दाणे भिजवून, पानांखाली दडपून त्यांना कोंब आणायची, ते उन्हात वाळवून कुटायची. मग शिजलेलं पीठ, कुटलेला मका आणि पाणी एका रुंद मडक्यात घालून, तोंडावर पानं बांधून मडकं चुलीच्या उबेला ठेवायची. बस्स, बाकी काम मडक्याचं.

पण मडक्याचं काम कधी संपलं, हे कळणं हेच खरं कसब.

"डोळ्याले लांदा फसवते," सोमारी नव्या सुनेला म्हणाली होती. "जिभेले बी फसवते. नाकाले नाई फसवत. तुझं नाक चांगलं हाय. मी पाह्यलं, भात लागायच्या आधीच तू चुलीपाशी धावते."

तेव्हापासून रोज सकाळी ललितानं मडक्याजवळ बसायचं आणि वास सांगायचा. आधी नुसता उकडलेल्या पिठाचा वास यायचा. मग ओल्या मातीचा. मग पिकून फुटलेल्या टेंभराच्या फळाचा. आणि मग एखाद्या सकाळी पानं बाजूला केली की उन्हातून आलेल्या तान्ह्या लेकराच्या टाळूला येतो तसा गोडसर, उबदार वास यायचा. तोच तो. दुपारपर्यंत ताटकळला तर आंबट व्हायचा, आणि संध्याकाळी डुकरांसमोर ओतायच्या लायकीचा. ललितानं "माय, झालं" म्हटलं की सोमारी काहीही न तपासता मडकं उचलायची. पिठाला मात्र सुनेला कधी हात लावू दिला नाही. किती वाफ, किती मका, पाणी कोमट की गार, सगळं सोमारीच्या बोटांत होतं. "हात माझे, नाक तुझं," म्हणायची. "मी मेल्यावर हात बी घेजो."

त्या काळात लांदा पिऊन कुणी रस्त्यावर पडलेलं ललितानं पाहिलं नाही. धान कापायला सारं गाव एकाच्या शेतात उतरायचं, मजुरी कुणी मागायचं नाही. दुपारी बांधावर लांद्याचं मडकं यायचं, पळसाच्या पानांच्या दोण्यातून बाया-माणसं सारखीच प्यायची आणि पुन्हा विळे उचलायची. पोटाला आधार, डोक्याला थोडी हवा. मेलेल्या माणसाच्या नावानं दगड उभा करायचा तर त्या दगडाला पहिली धार लांद्याचीच. मोहाची दारू तेव्हाही गाळली जायची, नाही असं नाही, पण ती सणावारी, आणि गाळणाऱ्याच्या घरी बसून.

दारूबंदी जिल्ह्यात आधीच लागू झालेली होती, पण मरकागुड्याला ती पोचली रस्त्याबरोबर. गाडी यायला लागली, तशा धाडीही यायला लागल्या. आणि धाडीत सापडायचा तो लांदाच. मोहाची दारू डबकीत, म्हणजे प्लास्टिकच्या कॅनमध्ये, भरून पानांखाली पुरता येते. लांद्याचं मडकं रुंद, जड, चुलीशेजारी उघड्यावर दिवसचे दिवस बसलेलं. ते कुठं लपवणार? एकेका घरानं लांदा सोडला. रेशनचा तांदूळ आला तशी डोंगरउतारावरची कोसरीही लोकांनी पेरायची सोडली. प्यायचं मात्र कुणी सोडलं नाही. जे सौम्य होतं ते मेलं आणि जे जालीम होतं ते लपून जगलं.

सोमारीनं बराच काळ सोडलं नाही. ललिताचा सासरा पत्रू आपल्या बापाच्या नावानं दगड उभारणार होता, त्यासाठी तिनं मडकी लावली होती. ऐन त्या सकाळी पोलिसांची गाडी आली. त्यांनी अंगणात एकेक मडकं फोडलं. पांढरा लांदा उतारावरून वाहत गेला, कोंबड्यांनी तो टिपला आणि त्या झुलत चालू लागल्या. गाडीतली माणसं हसली. "कुणाचं आहे हे?" असं विचारल्यावर सोमारी पुढं होणार, एवढ्यात पत्रू म्हणाला, "माझं हाय." त्याला मराठीतले तेवढेच दोन शब्द नीट येत होते, ललिताला आठवतं.

तो काही महिने चंद्रपूरच्या जेलात राहून आला. मारहाण झाली, उपाशी ठेवलं, असं काही त्यानं सांगितलं नाही. काहीच सांगितलं नाही. बापाचा दगड आडवा पडला होता तो त्यानं उभा केला नाही. लोकांत बसणं सोडलं. दोन पावसाळ्यांनंतर साध्या तापानं गेला. सोमारीनं उरलेली मडकी पालथी घातली. त्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या.

सुनील, ललिताचा नवरा, लांद्यावर वाढलेला पोरगा. लांदा बंद झाला, तसा तो डबकीकडं वळला, मग बाटलीकडं. भामरागडच्या बाजाराला गेला की दारात यायच्या आधी ललिताला कळायचं. अंगणात तो, आत ती, मध्ये कुडाची भिंत, तरी कळायचं. भांडणं झाली, ती माहेरी जाऊन आली, देवाचं केलं, दवाखाना केला. मूलबाळ झालं नाही. एका बाजाराच्या संध्याकाळी तो मोटरसायकलसकट रपट्यावरून नाल्यात गेला. लोकांनी त्याला चादर घालून आणलं तेव्हा ललितानं चादर उचलली नाही. त्याआधीच तिला वास आला होता. मोहाचासुद्धा नव्हता. कसल्यातरी रंगाच्या डब्यासारखा.

नंतर ती समितीत गेली. अंगणवाडीच्या इंदुताईंनी समिती उभी केली होती. त्या चामोर्शीकडच्या, बोलायला फटकळ, मनानं मोठ्या. ललिता आल्यापासून समितीला धार चढली. डबक्या सापडू लागल्या, भट्ट्या फुटू लागल्या. गावात खरंच फरक पडला. बाया तिला दुवा द्यायच्या. आणि घरी आल्यावर ती, जिनं साऱ्या पट्ट्याला लांदा पाजला त्या म्हातारीच्या शेजारी बसून जेवायची. दोघी विधवा, एक चूल. सोमारीनं समितीबद्दल कधी चांगलं-वाईट म्हटलं नाही. सकाळी सुनेच्या आधी उठून तिच्यासाठी जावा, पातळ पेज, शिजवून ठेवायची.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत सोमारी तापानं पडली आणि उठली, पण वास गेला तो गेलाच. आधी वाटलं, येईल. नाही आला. चुलीवर भात करपला तरी तिला कळेना. एकदा ती मोहफुलांची टोपली नाकाशी धरून किती वेळ उभी होती. ललितानं पाहिलं आणि काही काम काढून बाहेर गेली.

अशात लालसू आला. सोमारीच्या धाकट्या भावाचा हा मुलगा आश्रमशाळेतून निघून पुण्यापर्यंत शिकायला गेलेला. आता तिकडंच एका बियर बनवणाऱ्या कंपनीत होता. आत्यासाठी स्वेटर आणि ललितासाठी टॉर्च घेऊन आला. जेवताना त्यानं विषय काढला.

"आत्या, तुझा लांदा म्हणजे बियरच हाय. धान्याले कोंब आणून बनवते ना, तेच. तिकडं दूर दूरच्या देशांत जुन्या बियरी बंद पडल्या होत्या. गावात एखादा म्हातारा उरला, एखादी म्हातारी उरली. लोकांनी त्यांच्यापाशी बसून, इचारून इचारून पुन्हा उभ्या केल्या. आता लोक लांबून येऊन पितात. आपला तर अजून जिता हाय. तुझ्या हातात हाय."

सोमारी घास हातात धरून ऐकत होती.

"एक मडकं लाव. मी कंपनीच्या दोघांना घेऊन येतो. ते पाहतील, नमुना नेतील. नाव लांदाच राहील, तुझ्या गावचं नाव राहील."

"इथी नाई," ललिता म्हणाली.

"काऊन, वयनी?"

"काऊन म्हणजे? या घरातून सुनील गेला. मी दुसऱ्याच्या घरात शिरून डबक्या फोडते आणि माझ्या चुलीपाशी मडकं ठेवू? तुमच्या पुण्यात काचेच्या गिलासात पितील, फोटो काढतील. इथी माणसं मरून राह्यली."

लालसूनं ताट बाजूला सरकवलं. मग हळूच म्हणाला, "वयनी, लांद्यानं कोण मेलं? एक नाव सांग."

ललितानं तोंड उघडलं. पत्रूचं नाव ओठांवर आलं होतं, पण तो लांद्यानं मेला नव्हता, लांद्यापायी मेला होता. ती ताट घेऊन उठली.

मागे सोमारीचा आवाज आला. "मी लावते, लालसू. लपून नाई लावत. ललिता, तू समितीले सांग. तुझं काम तू कर."

ललितानं समितीला सांगितलं नाही. का नाही, ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

म्हातारी कामाला लागली. डोंगरापलीकडच्या एका पाड्यावर अजून कोसरी पेरतात असं कुणीतरी म्हणालं, तर ती काठी टेकत तिकडं जाऊन ओच्यात कोसरी घेऊन आली. पालथी मडकी उलटली, घासली, उन्हात तापवली. मक्यावर पानं घालताना ती काहीतरी गुणगुणत होती. ललितानं लग्नाच्या वर्षी ऐकल्यानंतर ती गुणगुण ऐकलीच नव्हती. सोमारीची पाठ सरळ झाली, खाणं वाढलं. जाता-येता शेजारणी डोकावू लागल्या. एक-दोन म्हातारे अंगणात येऊन बसले, नुसतेच. नानाजी पेरमा म्हणाला, "सोमारे, पत्रूच्या बापाचा दगड अजून आडवाच हाय बरं." सोमारी म्हणाली, "उरला तर त्यालेच देऊ."

मडकं चुलीशेजारी बसलं. ललिता त्या बाजूला फिरकत नव्हती, पण घर एका खोलीचं. पिठाचा वास आला, मातीचा आला. टेंभराचा वास आला त्या दिवशी ती दिवसभर जंगलात लाकडं गोळा करत राहिली.

लालसू पाहुण्यांना घेऊन दुपारी येणार होता त्या सकाळी सोमारीनं तिला हाक मारली. म्हातारी मडक्याजवळ बसली होती. मडक्याला कान लावून तिनं बराच वेळ ऐकलं होतं.

"खदखद थांबली आतली," ती म्हणाली. "मले वाटते, झालं. पण कानानं अर्धं कळते. बाकीचं नाकाचं. माझं नाक तर गेलं, बाई. तू पाय."

ललिता दारातच उभी होती. तिथूनच तिला कळलं होतं. तरी ती आली, गुडघ्यांवर बसली आणि तिनं पानं बाजूला केली.

उन्हातून आलेल्या लेकराची टाळू. तस्साच. एवढ्या वर्षांनंतर, त्या म्हाताऱ्या हातांनी, वास न येणाऱ्या बाईनं, तस्साच केला होता. ललिताच्या डोळ्यांपुढं बांधावर दोणा धरून हसणारा सुनील आला. मिसरूड फुटलेला, अजून कशालाही न लागलेला. त्याच्या पाठोपाठ चादर आली. पुण्याची माणसं आली, हातात ग्लास घेतलेली, "वा" म्हणणारी. आणि गावची पोरं आली. लालसूच्या लांद्याच्या मागोमाग ज्यांच्या डबक्याही उघड्यावर येणार होत्या, ती. ज्यांच्या बायका रात्रीबेरात्री तिच्या दाराशी येऊन रडल्या होत्या, ती.

"बिघडलं, माय," ती म्हणाली. "आंबलं."

सोमारीनं तिच्याकडं पाहिलं. म्हातारीची नजर अजून चांगली होती. सुईत दोरा ओवायची. तिनं सुनेच्या चेहऱ्याकडं तसंच पाहिलं, दोरा ओवताना पाहावं तसं.

"बिघडलं म्हणतेस?"

"हो."

"बरं," सोमारी म्हणाली.

तिनं बोट बुडवून चाखलं नाही. अंगणात बसलेल्या म्हाताऱ्यांना हाक मारून विचारलं नाही. उठली, मडकं कमरेवर घेतलं, ललिताला हात लावू दिला नाही, आणि घरामागच्या उतारावर नेऊन ओतलं. थेंब थेंब निथळेस्तोवर मडकं पालथं धरून उभी राहिली. ललिता आत चुलीपाशीच होती. वास खिडकीतून आत येत राहिला. दुपारपर्यंत येत होता.

पाहुणे आले. भली माणसं होती. रिकाम्या मडक्याचे फोटो काढले, सोमारीच्या हातचा भात आणि करडीची भाजी खाल्ली, पाया पडले. लालसू हिरमुसला. "पुन्हा लाव ना, आत्या. आम्ही थांबतो."

"आता हात नाई चालत, बापू."

"कालपर्यंत तर चालत होते!"

"कालपर्यंत चालत होते," सोमारी म्हणाली आणि हात पदरात घेतले.

लालसू नदीपलीकडं छत्तीसगडात गेला. तिकडं लांदा अजून होतो, पण त्यात कोसरी नसते आणि वेगळ्या हातांची वेगळी रीत. तिथून त्यानं काय ते शिकून नेलं. वर्षभरात पुण्यात त्यांची बियर निघाली. त्याच्या फोनवर ललितानं डब्याचं चित्र पाहिलं, त्यावर मोहाचं झाड होतं. लांद्यात मोह कुठं असतो, असं ती म्हणाली नाही.

सोमारी मात्र त्या उतारावरून परत आली ती पूर्वीची आली नाही. भांडली नाही, अबोला धरला नाही. जावा शिजवायची, सुपं विणायची. पण बोलता बोलता थांबायची आणि कशासाठी थांबली ते विसरायची. ललितानं दोनदा तरी सांगायला घेतलं. एकदा तर म्हातारीचे पाय चेपताना ती म्हणाली, "माय, त्या दिवशी मी..."

"पाणी आण," सोमारी म्हणाली.

ललितानं पाणी आणलं. म्हातारीनं ते प्यायलं नाही, शेजारी ठेवलं. "दोघीच आहो आपण," ती म्हणाली. "मडकं काय, फुटते नाई तं सांडते. तू काय करणार होती? मी काय करणार होती? झोप."

पुढच्या थंडीत ती अंथरुणाला खिळली. हेमलकशाच्या दवाखान्यात नेऊ म्हटलं तर मान हलवायची. शेवटच्या दिवसांत तिला भास व्हायचे. मडकं उतू चाललंय, पानं बांध, असं म्हणायची. एका सकाळी मात्र अगदी शुद्धीवर होती. ललिताचा हात तिनं आपल्या हातात घेतला आणि तिच्या बोटांची टोकं एकेक करून दाबून पाहिली, पीठ शिजलं की नाही ते पाहावं तशी.

"माझे हात घ्यायचे राह्यले तुझ्याकडून," म्हणाली. "उशीर झाला ना व?"

दुपारनंतर ती बोलली नाही.

मातीला सारं गाव आलं. दगड उभारायचा तो पिकं निघाल्यावर, असं ठरलं. नानाजीनं ठरवलं की पत्रूच्या बापाचा, पत्रूचा आणि सोमारीचा, तिघांचे दगड एकदमच उभे करू. मग तो थोडा घुटमळला.

"ललिताबाई, पहिली धार लांद्याची लागते. इथी आता कोणाले येते?"

कुणालाच येत नव्हता. सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि मग पाहणं टाळलं. समितीच्या अध्यक्षाला कोण कसं विचारणार?

ललितानं मका भिजवला. दार बंद करून, लपून. सोमारीनं जे उघड्यावर केलं ते ही चोरासारखी करत होती, आणि ते तिला कळत होतं. कोंब आले पण कमी आले, काही दाणे बुरसले. बुरसलेले निवडून तिनं उरलेले वाळवले, कुटले. पीठ वाफेवर शिजवलं. कुठं कच्चं राहिलं, कुठं गोळा झालं. मडकं लावलं. पिठाचा वास आला. मातीचा आला. टेंभराच्या जागी ओल्या कातड्याचा आला. तिनं तिथंच ओळखलं, पण वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी नुसता आंबट. तिनं पुन्हा लावलं. पुन्हा तेच. काय चुकलं ते नाक नेमकं सांगायचं. मका जास्त तापला, पाणी फार गार पडलं. पण चूक कळणं वेगळं आणि हाताला बरोबर येणं वेगळं. चांगला लांदा कसा असतो हे गावात तिच्या एकटीच्या नाकात उरलं होतं, आणि त्या वासापर्यंत जायची वाट ज्या हातांना माहीत होती ते हात मातीत होते.

आंबलेल्या पिठाचा वास शेजारणीला गेला आणि शेजारणीकडून इंदुताईंना. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अध्यक्षाच्याच घरी, ललिता? बायांना काय सांगू मी?"

"दगडासाठी हाय, ताई."

"प्रत्येक जण दगडासाठीच सांगतो ना ग. तूच तर म्हणायची."

ती म्हणायचीच. ललितानं वाद घातला नाही. मडकं त्यांच्यासमोर बाहेर आणून ओतलं आणि बैठकीत जाऊन अध्यक्षपद सोडते म्हणून सांगितलं. इंदुताईंचे डोळे भरले, पण नको म्हणाल्या नाहीत.

दगडांच्या दिवशी लालसू पुण्याहून आला. पिशवीत त्यांच्या बियरचे दोन डबे लपवून आणले होते. आत्याच्या दगडावर घालू म्हणाला. त्यानं डबा उघडून आधी ललितासमोर धरला. थंडगार टिनाचा वास, संत्र्याच्या सालीचा, आणि मागे कुठंतरी दूर, तांदळाचा.

"कसं वाटते, वयनी?"

"चांगलं हाय," ती म्हणाली. "हे दुसरंच काही हाय, पण चांगलं हाय."

लालसूनं डबा खाली केला. "मलेही ते जमलं नाई," तो म्हणाला. "आत्याचं एकदा चाखायला मिळालं असतं तर कळलं असतं, कुठी जायचं ते. त्या दिवशी नेमकं बिघडलं."

त्याच्या बोलण्यात कुठला संशय नव्हता. ललिता दगडांकडं पाहत राहिली. सांगितलं असतं तर त्या मडक्यातला थेंबभरही परत आला नसता, पण तो मुलगा आपल्या आत्याला ओळखू शकला असता. ती नाही बोलली. पुढंही कधी बोलली नाही.

नानाजी पेरमानं सगळं पाहिलं, ऐकलं, आणि तांदळाचं पीठ पाण्यात कालवायला सांगितलं. तेच पांढरं पाणी तिन्ही दगडांवर ओतलं. "समजून घेजा," तो दगडांना म्हणाला. "काळ असा आला." पाणी दगडावरून खाली आलं आणि मातीत लगेच जिरलं. लोकांनी भात-मटण खाल्लं. मोहाच्या डबक्या झाडांमागं फिरल्या. ललिता आता अध्यक्ष नव्हती, आणि तिच्यापुढं कुणी गमछा ओढला नाही.

समितीचं काम ती अजून करते, साधी सदस्य म्हणून. माणसं तिच्या नाकाला पूर्वीइतकी भीत नाहीत. तिनं घरामागच्या उतारावर कोसरी पेरली आहे, थोडीच, चार सुपांएवढी. पिकं निघाली की ती दर थंडीत एक मडकं लावते, आता दार न लावता. इंदुताई येतात, पाहतात, सुस्कारा टाकून जातात. गेल्या थंडीत मक्याला कोंब बरे आले होते, आणि एका सकाळी तिला टेंभराचा वास आल्यासारखा वाटला. ती मडक्याजवळ बसून राहिली, दुपारी जेवायलाही उठली नाही. संध्याकाळपर्यंत आंबट वास आला.

तिनं तो लांदा डुकरांना घातला, मडकं घासलं आणि अंगणात पालथं ठेवलं.